पंचवीसचा शिक्का

दादाची बस रस्त्यावर एकदाच धडकली. टीव्हीवर मात्र ती सकाळच्या बातम्यांत धडकली, दुपारच्या चर्चेत धडकली, संध्याकाळी चार तज्ज्ञ चार चौकटींत बसून भांडत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागे धडकत राहिली, आणि जाहिराती संपल्या की लोकांना विसर पडू नये म्हणून पुन्हा एकदा धडकली. चौकातल्या औषधाच्या दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यात सापडलेली ती क्लिप. डेपोकडे परतणारी रिकामी बस डावीकडून सुसाट येते, गल्लीतून एक सायकल बाहेर पडते आणि सायकलवाला आडवा होतो. त्याचा पाय मोडला. जिवावरचं पायावर निभावलं म्हणायचं, पण खालच्या लाल पट्टीवर 'बेदरकार चालक' ही अक्षरं अशी काही पळत होती, की दहा माणसं मेली असती तरी त्याहून मोठी लिहिता आली नसती.

आणि ही क्लिप सगळ्यात आधी दाखवणारी वाहिनी कुठली, तर दादाची सख्खी धाकटी बहीण जिथे नोकरी करत होती ती. ती संकलक होती. बाहेरून आलेली चित्रं कापायची, जोडायची आणि बातमीच्या मापात बसवायची हे तिचं काम. ऑफिसात सगळे तिला कात्री म्हणत, आणि जीभही तशीच चालते म्हणून ते नाव टिकलं होतं. घरी ती छोटी होती, चाळिशी उलटली तरी. अपघाताच्या वेळी ती सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या गावी गेली होती. परत येईपर्यंत क्लिप गावभर झाली होती आणि बाकीच्या वाहिन्यांनीही ती उचलली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. चावलं तर तक्रार कुणाकडे करायची?

सामान घरी टाकून ती थेट दादाकडे गेली. वहिनीने दार उघडलं आणि नुसतीच बाजूला झाली. आत दादा टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसला होता, इतका जवळ, की लहानपणी असं बसलं म्हणून दोघांनीही मार खाल्ला असता. दाढी वाढलेली, समोर चहा गार झालेला. पडद्यावर बस धडकत होती.

पहिल्या दिवशी दादाने डेपोत ठाम सांगितलं होतं, की चौकात आपण वेग कमी केला होता, सायकल दिसताच ब्रेक दाबला होता, पण अंतरच उरलं नव्हतं. तसा जबाब त्याने लिहूनही दिला होता. बसमधलं वेग नोंदवणारं यंत्र कित्येक महिने बंद होतं, ते दुरुस्त करा म्हणून चालकच ओरडत होते, पण ओरडणाऱ्यांचं कोण ऐकतं? प्रवासी कुणी नव्हतं. सायकलवाल्याने बस पाहिलीच नव्हती. म्हणजे दादाच्या बाजूने बोलायला होता एकटा दादा. आणि आता तोही फुटला होता.

"छोटे, मला वाटत होतं मी हळू होतो," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "पण हा बघ ना. हा हळू आहे का?"

स्वतःला तो 'हा' म्हणत होता. इतकी वर्षं बस चालवून ज्याच्या हातून कधी कुणाला साधा ओरखडा उठला नव्हता, तो माणूस टीव्ही बघून बघून स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार झाला होता. सोमवारी चौकशी समिती बसणार होती. तिथे आपली चूक मान्य करायची असं त्याने ठरवलं होतं. नोकरी जाणार हे तर उघड होतं, पण नोकरीचं तो बोललासुद्धा नाही. ज्याला स्वतःचा वेग कळत नाही त्याने पुन्हा चाकाला हात लावू नये, एवढंच म्हणाला.

कात्रीने त्याला चार गोष्टी ऐकवल्या. लोकांचं काय मनावर घेतोस, उचलली जीभ लावली टाळ्याला अशी जात असते ही, वगैरे. पण बोलताना तिची नजर पडद्याकडे जात होती आणि खरं सांगायचं तर तिलाही बस जोरातच दिसत होती. क्षणभर तिला वाटून गेलं, की दादाने पहिल्या दिवशी घाबरून खोटं सांगितलं असेल. हा विचार मनात आला याचाच तिला इतका राग आला, की तिने उठून टीव्ही बंद केला. दादाने मुकाट्याने रिमोट उचलला आणि तो पुन्हा चालू केला.

वहिनी मधल्या दारात भाजी निवडत बसली होती, टीव्हीकडे अर्धी पाठ करून. कात्री तिच्याजवळ जाऊन टेकली आणि हळूच म्हणाली, की तू तरी हे बंद का करत नाहीस.

"करते. ते परत लावतात," वहिनी म्हणाली. "मी बसकडे बघतच नाही. ते कशी चालवतात ते मला टीव्हीने सांगायला नको. मी आपली त्या उजवीकडच्या कोपऱ्यात बघते."

"कोपऱ्यात काय आहे?"

"आजी आहेत ना. डेपोच्या फाटकाशी पेपर विकतात त्या. दुपारी घरी निघाल्या असतील." वहिनीने शेंगेचा दोर काढला. "पण एक कळत नाही बघ. कमरेचं हाड मोडल्यापासून त्या एक पाऊल टाकतात आणि दुसऱ्याचा विचार करतात. मी रोज यांचा डबा त्यांच्याजवळ ठेवते, मला माहीत आहे ना त्यांची चाल. टीव्हीत मात्र तरातरा चालल्यात."

कात्री उठून टीव्हीपाशी गेली आणि क्लिप पुन्हा लागेपर्यंत उभी राहिली. ती लागायला फार वेळ लागणार नव्हताच. बस आली, सायकल आली, पण या वेळी तिने त्या दोघांकडे ढुंकून पाहिलं नाही. उजव्या कोपऱ्यात, वाहिनीच्या चिन्हाखाली, हातात पिशवी घेतलेली एक वाकलेली म्हातारी डुलत डुलत रस्ता ओलांडत होती, आणि ओलांडत कसली होती, गाडी चुकत असल्यासारखी पळत होती. फूटपाथवरचा एक माणूस जांभई देऊन तोंड मिटत होता, तेसुद्धा माशी गिळल्यासारखं चटकन. कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काय झालंय ते तिला कळलं होतं. तिच्या खात्यात ते रोज होत होतं. पंचवीसचा शिक्का.

आता हा शिक्का म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळ्या पापाचं मूळ तिथे आहे. टीव्हीवर हलताना दिसतं ते काही खरं हलत नसतं. एकापाठोपाठ एक स्थिर चित्रं समोरून जातात आणि डोळा बिचारा फसतो. सेकंदाला अशी किती चित्रं दाखवायची हे प्रत्येक देशाच्या टीव्हीने कधीकाळी ठरवून टाकलं. कुठे तीस ठरली, कुठे पंचवीस. कात्रीच्या वाहिनीचं प्रक्षेपण पंचवीसवर चालायचं, आणि दुसऱ्या मापाचं काही आलं की प्रक्षेपणाच्या दारातलं यंत्र ते परत पाठवायचं. पण बाहेरचं जग कुठे पंचवीस मानतं? मोबाइल तीस चित्रं काढतो, सिनेमा चोवीस, आणि दुकानांचे कॅमेरे जागा वाचवायला पंधरा, बारा, कधी दहासुद्धा. मग पंधरा चित्रांच्या सेकंदाचा पंचवीसचा सेकंद कसा करायचा? सरळ मार्ग असा, की त्यातली काही चित्रं पुन्हा दाखवायची, म्हणजे सेकंदाचा सेकंदच राहतो. चित्र थोडं अडखळतं, पण खोटं बोलत नाही. याला वेळ लागतो. वाकडा मार्ग म्हणजे यंत्राला बेधडक सांगायचं, की ही क्लिप पंचवीसचीच आहे. यंत्र मान डोलावतं, चळतीतून भराभर पंचवीस-पंचवीस चित्रं उचलत जातं आणि दहा सेकंदांची गोष्ट सहा सेकंदांत उरकते.

क्लिपला आवाज असेल तर हा वाकडा मार्ग चालत नाही, कारण माणसं चिमण्यांसारखी बोलायला लागतात आणि शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून वाहिनीत रीत पडली होती, की बोलकी क्लिप सरळ मार्गाच्या रांगेत लावायची आणि मुकीला शिक्का मारायचा. मुकं चित्र तक्रार करत नाही. कात्रीने स्वतः असे शिक्के शेकड्याने मारले होते, पळणाऱ्या चोरांना, आपटणाऱ्या गाड्यांना. ते चोर खरंच तेवढे चपळ होते का, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता, आणि आता पडला तेव्हा राग नेमका कुणावर काढावा हे कळेना. म्हणून तिने तो सगळ्यांवर काढायचं ठरवलं.

पहिला सापडला तो आवक टेबलावरचा सहकारी. बाहेरून येणारी प्रत्येक क्लिप त्याच्या हातून जायची. मूळ क्लिप दाखव म्हटल्यावर त्याने कानावर हात ठेवले. शिक्का मारला की मूळ काढून टाकायची, जागा कुठे आहे, हा नियमच आहे, आणि हा नियम तुमच्याच खात्याने मागितला होता ना, असं त्याने उलट विचारलं. ते खरं होतं, म्हणून कात्री आणखीच भडकली. मग ती औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार भला माणूस, त्याने कॅमेऱ्याचा डबा उघडून दाखवला. सेटिंग पंधराचंच होतं. पण डब्यात आठवडाभराचंच चित्रण मावायचं आणि जुन्यावर नवं चढायचं. अपघाताच्या दिवसावर कालचा दिवस चढून बसला होता. जी क्लिप साऱ्या गावाने शंभर वेळा पाहिली, तिची खरी प्रत जगात कुठेच उरली नव्हती.

तरीही मार्ग होता. शिक्क्याच्या क्लिपमधलं एकही चित्र हरवलेलं नव्हतं, फक्त ती घाईने दाखवली जात होती. कात्रीने ती पुन्हा पंधराच्या चालीवर बसवली. बस चौकात शहाण्या बससारखी शिरली. ती क्लिप घेऊन ती संपादकांच्या केबिनमध्ये गेली.

संपादक आवाज कधी चढवत नसत. तोंडात साखर ठेवून माणसाला दाराबाहेर काढायची त्यांची हातोटी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अरेरे म्हणाले, दादाची चौकशी केली. मग म्हणाले, की सगळ्याच वाहिन्या हेच दाखवतायत. त्यांनी ते आपल्याकडूनच उचललंय, हे कात्रीने सांगितलं. मग ते म्हणाले, की तुम्ही भावाच्या बाजूने बोलणार हे स्वाभाविक आहे, पण पुरावा काय? मूळ क्लिप आहे का? बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर अशी ही मागणी, आणि बापाला पुसून टाकणारे हेच.

"बाई, प्रेक्षकांना फ्रेमबिम काही कळत नाही," शेवटी ते म्हणाले.

"वेग कळतो ना?" कात्री म्हणाली. "तोच खोटा दाखवलाय आपण. कॅमेऱ्याने नाही, दादाने नाही, आपण."

ती उठेना तेव्हा त्यांनी हात टेकल्यासारखं केलं. तुमची क्लिपही चालवू म्हणाले, आजच आठच्या बातम्यांत. कात्रीला इतकं हायसं वाटलं, की तिने त्यांचे चक्क आभार मानले. पुढे कितीतरी दिवस ते आभार तिला दाढेत अडकलेल्या शितासारखे सलत राहिले.

आठ वाजता दादाकडे तिघंही टीव्हीसमोर बसले. वहिनीसुद्धा सरळ तोंड करून बसली होती. निवेदकाने टाय नीट केला आणि म्हणाला, की आता पाहा ती भीषण धडक स्लो मोशनमध्ये. आणि कात्रीची क्लिप लागली. खालच्या पट्टीवर 'स्लो मोशन' ही अक्षरं चमकत होती, बसभोवती कुणीतरी लाल वर्तुळ काढलं होतं, आणि निवेदक समजावून सांगत होता, की एवढ्या सावकाश पाहिल्यावर चालकाचा बेदरकारपणा अधिकच स्पष्ट होतो.

दादा म्हणाला, "बघ. सावकाश करूनसुद्धा धडकतेच." आणि उठून आत गेला.

कात्रीने तिथूनच संपादकांना फोन लावला. खऱ्या वेगाला तुम्ही स्लो मोशन म्हणालात, हे तिने तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. ते पहिल्याइतक्याच गोडीने म्हणाले, की आधीच्या क्लिपपेक्षा ती संथ आहे की नाही? मग प्रेक्षकाला दुसरं काय सांगणार? आणि तुमच्या सांगण्यावरून चालवली तर वर तुम्हीच रागावता. शिवाय एक आपुलकीचा सल्ला म्हणून त्यांनी सुचवलं, की समितीसमोर वाहिनीच्या वतीने काही बोलू नका, तुमच्या नोकरीच्या दृष्टीने ते बरं दिसणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी हे तिने ऐकलं होतं. इथे तर संन्याशाला फास लावून वर दोराचं कौतुक चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दादाच्या इमारतीच्या जिन्यात दोन बायका बोलताना तिने ऐकलं. बहीण तिथेच कामाला आहे ना, तिनेच भावासाठी सावकाश करून दाखवली असेल, एक म्हणाली. दुसरी म्हणाली, आजकाल काय, काहीही करता येतं. कात्री त्यांच्या अंगावरून वर गेली. भांडायला तोंड उघडलं होतं, पण भांडायचं काय? काहीही करता येतं हे तर खरंच होतं.

सोमवारी तिने रजा टाकली आणि वाहिनीच्या वतीने नाही, बहीण म्हणून समितीसमोर गेली. डेपोच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली, लांबट टेबल, भिंतीवर टीव्ही. टेबलामागे तिघं बसले होते. मधे डेपोचे व्यवस्थापक, एका बाजूला वाहतूक खात्याचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला अपघातांची मोजमापं करणारे इंजिनिअर. दादा भिंतीकडेच्या खुर्चीत इस्त्रीचा गणवेश घालून बसला होता आणि वहिनी त्याच्या शेजारी, पिशवी मांडीवर घेऊन. चूक मान्य करणारा नवा जबाब दादाने खिशात घडी करून आणला होता. आधी बहिणीचं ऐकून घ्या, एवढी एकच विनंती वहिनीने सकाळी त्याच्याकडून कबूल करून घेतली होती.

इंजिनिअरांनी हिशोब मांडला. दोन विजेच्या खांबांमधलं अंतर त्यांनी स्वतः जाऊन मोजलं होतं. बसला ते कापायला किती वेळ लागला हे टीव्हीवरच्या क्लिपवरून घेतलं होतं. वेग निघाला ताशी चाळीस. चौकात परवानगी तीसची. इतकं सरळ गणित, की दादाने त्यावर मान हलवली.

मग कात्री बोलायला उभी राहिली. पंधरा, पंचवीस, तीस, शिक्का, चळत, सगळं तिने सांगितलं. दोन्ही क्लिपा लावून दाखवल्या. पालथ्या घड्यावर पाणी. वाहतुकीच्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. व्यवस्थापक म्हणाले, की ही दुसरी आम्ही पाहिली आहे, स्लो मोशनवाली. कात्रीने सांगितलं, की ही स्लो मोशन नाही, हाच खरा वेग आहे. ते समजुतीने हसले. आपल्या माणसासाठी जीव तुटतो तेव्हा लोक असं बोलतात, हे त्यांना माहीत असावं.

इंजिनिअर मात्र हसले नाहीत. त्यांनी रीतसर प्रश्न विचारला. "कॅमेऱ्याचं सेटिंग आज पंधरा आहे, मान्य. अपघाताच्या दिवशी तेच होतं कशावरून? ते दोन मिनिटांत बदलता येतं. तुमची क्लिप खरी असेल, नाहीतर टीव्हीची खरी असेल. या दोघींत निवाडा कोण करणार?"

प्रश्न रास्त होता आणि तिच्याकडे उत्तर होतं. पण इतका वेळ चित्रांचे आकडे सांगण्याच्या नादात ती ते उत्तरच विसरली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती कागद चाळायला लागली. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

वहिनी उठून टीव्हीपाशी गेली होती. परवानगी वगैरे तिने मागितली नाही. पहिली क्लिप परत लाव, असं तिने कात्रीला सांगितलं, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि पडद्याची डावी बाजू झाकून टाकली. बस, सायकल, सगळं पिशवीमागे गेलं. उरला फक्त उजवा कोपरा.

"बसकडे सगळ्यांनी खूप बघितलं," ती म्हणाली. "आता इथे बघा."

क्लिप सुरू झाली. तिघांनी आधी सवयीने पिशवीकडेच पाहिलं. मग व्यवस्थापक पुढे वाकले. कोपऱ्यात वाकलेली म्हातारी डुलत डुलत, तरातरा, रस्त्याच्या पार होत होती.

"अरे, या तर आपल्या फाटकावरच्या आजी," ते म्हणाले आणि हसायलाच लागले. "रोज सकाळी पेपर घेतो मी यांच्याकडून. सुट्टे पैसे काढायला अर्धा तास लावतात आणि इथे बघा कशा..."

वाहतुकीचे अधिकारीही हसले. आजींना हाड मोडल्यापासून धड चालता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. फाटकातून आत येताना तेही तिथूनच पेपर घेत. हसता हसता व्यवस्थापक मधेच थांबले. त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. वहिनीने पिशवी तशीच धरून ठेवली आणि कात्रीने न सांगता दुसरी क्लिप लावली. आजींनी एक पाऊल टाकलं. थांबल्या. दुसरं टाकलं. जांभई देणाऱ्याने सावकाश, माणसासारखी जांभई दिली.

इंजिनिअरांनी क्लिप पुन्हा लावायला सांगितली, आणि पुन्हा. मग त्यांनी स्वतःचा कागद पुढे ओढला आणि वेळेचा आकडा खोडून नवा लिहिला. भागाकार करून त्यांनी पेन खाली ठेवलं. ताशी चोवीस. परवानगी तीसची, हे त्यांनी कुणी न विचारता स्वतःच म्हटलं. टीव्हीच्या क्लिपवरून मोजायला नको होतं, हेही म्हणाले, पण ते टेबलाकडे बघून.

व्यवस्थापकांनी घसा साफ केला. असं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणाले. मोठ्या मनाने सांगावं तसं त्यांनी दादाला सांगितलं, की तुम्ही एक नवा जबाब लिहून द्या, म्हणजे आम्हाला तुमच्या बाजूने विचार करता येईल.

दादाने वहिनीला पिशवी काढायला सांगितलं. मग त्याने खऱ्या वेगाची क्लिप उभ्या उभ्या एकदा पूर्ण पाहिली, बसकडे बघत. सायकल गल्लीतून बाहेर पडली त्याच क्षणी बसचं नाक खाली दबलं. घाईच्या क्लिपमध्ये हे इतकं झटकन व्हायचं, की दिसायचंच नाही. इतके दिवस टीव्हीला नाक लावून बसला होता, पण त्याला ते कधी दिसलं नव्हतं. त्याने खिशातला घडी केलेला कागद काढला, फाडला आणि तुकडे परत खिशात टाकले. कात्रीने त्याला चिडलेलं फारसं कधी पाहिलं नव्हतं. आता त्याच्या गालाची शीर उडत होती.

"नवा जबाब कशाला?" तो म्हणाला. "पहिल्या दिवशी दिलाय तोच खरा आहे. तुम्ही तो वाचला नाहीत, टीव्ही बघितलात. तुमचं ऐकून मीही टीव्हीच बघितला. आता तो काढा आणि वाचा. मोठ्याने वाचा, मला ऐकायचाय."

फाइलमध्ये तो कागद सापडायला वेळ लागला, कारण तो सगळ्यात खाली गेला होता. व्यवस्थापकांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. चौकात शिरण्याआधी मी वेग कमी केला होता. गल्लीतून सायकल येताना दिसताच मी ब्रेक दाबला. ते खाली मान घालून भरभर वाचत होते.

"सावकाश," दादा म्हणाला.

व्यवस्थापक थांबले, आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचू लागले.